सीटी स्कॅनमधल्या खोट्या खुणा: रिपोर्टवर 'आर्टिफॅक्ट' लिहिलं असेल तर घाबरायचं का?

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित उतारा. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच.)

विरारहून मी पुन्हा तुमच्या कानात. लोकलमध्ये असाल तर आधी नीट उभे राहा, फोन घट्ट धरा, आणि मग ऐका.

आज एका शब्दाबद्दल बोलायचंय: आर्टिफॅक्ट. घरात कुणाचा सीटी स्कॅन झाला असेल तर रिपोर्टच्या एखाद्या कोपऱ्यात हा शब्द तुम्ही वाचला असेल. 'मोशन आर्टिफॅक्ट', 'स्ट्रीक आर्टिफॅक्ट', 'बीम हार्डनिंग आर्टिफॅक्ट'. आणि त्याच्या पुढे पोटात गोळा आणणारं वाक्य: 'लिमिटेड इव्हॅल्युएशन'. वाचणाऱ्याला वाटतं की हा नवीनच काहीतरी आजार निघाला.

आजार नाहीये तो. आर्टिफॅक्ट म्हणजे चित्रात दिसणारी, पण शरीरात नसलेली खूण. खोटी खूण म्हणा हवं तर. पण म्हणून 'काही नाही हो' म्हणून सोडून द्यायचीही गोष्ट नाही. कारण खोटी खूण दोन प्रकारे फसवते. नसलेला आजार दाखवते, किंवा असलेला आजार झाकते. आणि गंमत अशी, की या खुणा कमी करण्याचं बरंचसं काम टेबलावर झोपलेल्या पेशंटच्या हातात असतं. ते कसं, तेच आज समजून घेऊ.

फोटो नव्हे, हिशोब

पहिली गोष्ट. सीटी स्कॅन हा फोटो नाही. साधा एक्स-रे हा फोटोसारखा असतो: एका बाजूने किरण सोडले, दुसऱ्या बाजूला सावली पडली, झालं. सीटीमध्ये एक्स-रे ट्यूब आणि समोरचे डिटेक्टर तुमच्याभोवती गोल फिरतात आणि प्रत्येक फेरीत शेकडो वेगवेगळ्या कोनांतून मोजमाप घेतात. हाती येते ती आकड्यांची रास. त्या आकड्यांवरून आत काय आहे ते कॉम्प्युटर हिशोब करून काढतो.

हिशोब कसा? चार डबे घ्या, दोन वर, दोन खाली. प्रत्येकात काही लाडू आहेत. झाकण उघडायचं नाही. मी तुम्हाला फक्त बेरजा सांगणार. वरच्या ओळीत मिळून ५ लाडू, खालच्या ओळीत ९. डाव्या उभ्या रांगेत ६, उजव्या रांगेत ८. आता सांगा कुठल्या डब्यात किती?

वर २ आणि ३, खाली ४ आणि ५ असं उत्तर जमतं. पण वर १ आणि ४, खाली ५ आणि ४ हेसुद्धा जमतं! दोन्ही बरोबर. मग मी अजून एक बेरीज सांगते: वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे तिरकं मोजलं तर ७. आता दुसरं उत्तर बाद, कारण तिथे १ आणि ४ मिळून ५ होतात. पहिलंच खरं. जितके जास्त कोन, तितकं उत्तर पक्कं. सीटीमध्ये डबे चार नसतात, एका कापात साधारण ५१२ गुणिले ५१२, म्हणजे अडीच लाखांहून जास्त असतात. पण खेळ हाच.

या गणिताचा पाया योहान राडोन नावाच्या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ मध्येच घातला होता. तेव्हा सीटी मशीन कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला १ ऑक्टोबर १९७१ ला, लंडनच्या विम्बल्डनमधल्या अॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये. मशीन बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि स्वतंत्रपणे गणित सोडवणारे अॅलन कॉरमॅक यांना १९७९ चं नोबेल मिळालं.

आणि यात आपल्या देशाचाही वाटा आहे बरं का. त्याच १९७१ मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी हा हिशोब झटपट आणि नेमका करण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. त्यात वापरलेल्या गणिती चाळणीला जगभरचे इंजिनिअर आजही 'राम-लॅक फिल्टर' म्हणतात. राम म्हणजे रामचंद्रन, लॅक म्हणजे लक्ष्मीनारायणन. कॉलेजात इमेज प्रोसेसिंग शिकत असाल तर हे नाव भेटेलच.

एका मोजमापाची चूक, अख्ख्या रेषेला भोवते

आता मुद्द्याचं. समजा वरच्या ओळीची बेरीज सांगताना गडबड झाली. खरे ५ लाडू, पण मी चुकून ११ सांगितले. कॉम्प्युटर काय करणार? तो बिचारा वरच्या दोन्ही डब्यांत थोडे थोडे जास्तीचे लाडू वाटून टाकणार. एका बेरजेची चूक त्या ओळीतल्या प्रत्येक डब्यात पसरली.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. साध्या एक्स-रेमध्ये अंगावर सेफ्टी पिन राहिली तर पिनेमागचं तेवढंच झाकलं जातं. सीटीमध्ये मात्र त्या पिनेतून गेलेला प्रत्येक किरण चुकीचा आकडा देतो, आणि ती चूक त्या किरणाच्या पूर्ण रेषेवर सांडते. म्हणून मग पिनेपासून दूर असलेल्या भागावरही काळ्या-पांढऱ्या रेघा दिसतात. त्यांनाच म्हणतात स्ट्रीक.

हललात की बिघडलं

सगळ्यात नेहमीची अडचण म्हणजे हालचाल. आपल्या लाडवांच्या खेळात आडव्या बेरजा घेऊन झाल्या आणि उभ्या घेताना कुणीतरी डबे सरकवले, तर? हिशोब जुळणारच नाही. पेशंट हलला की नेमकं हेच होतं. कडा दुहेरी दिसतात, रेघा येतात, चित्र पुसट होतं.

२०२० आणि २०२१ आठवा. वसई-विरारमध्ये तेव्हा घराघरात एकच प्रश्न: 'एचआरसीटी केला का? स्कोअर किती?' पंचवीसपैकी तो स्कोअर. फुप्फुसांचे पाच भाग, प्रत्येकाला पाचपर्यंत गुण. आता विचार करा, ज्याला धाप लागलीये, सतत खोकला येतोय, त्याला सांगायचं की श्वास रोखून पडून राहा. श्वास सुटला की फुप्फुसाचं चित्र धूसर होतं, आणि ती धूसर छटा कोविडच्या धुरकट डागांसारखी दिसू शकते. श्वास पूर्ण आत न घेता स्कॅन झाला तरी फुप्फुस नेहमीपेक्षा राखाडी दिसतं. टेक्निशियन दादा वैतागून 'श्वास घ्या... रोखा... सोडा' करत होता ते यासाठी.

त्याच काळातली अजून एक गोष्ट. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने एचआरसीटीच्या दरांवर मर्यादा घातली. १६ स्लाइसपेक्षा कमीच्या मशीनसाठी २,००० रुपये, १६ ते ६४ साठी २,५००, आणि ६४ च्या वरच्या मशीनसाठी ३,०००. तेव्हा कितीतरी जणांनी विचारलं की या स्लाइस म्हणजे काय? सोपं आहे. ट्यूबची एक फेरी झाली की मशीन एका वेळी किती काप घेतं, तो आकडा. काप जास्त, तर छाती लवकर आटोपते. जुन्या मशीनला जिथे वीस-तीस सेकंद श्वास रोखायला लावावा लागायचा, तिथे नवीन मशीनचं काम काही सेकंदांत होतं. धाप लागलेल्या माणसासाठी हा फरक मोठा आहे.

श्वास रोखता येतो, पण हृदय कसं थांबवणार? त्याच्यासाठी ईसीजीच्या तारा लावतात. दोन ठोक्यांच्या मधे हृदय क्षणभर जरा शांत असतं, तेवढ्याच वेळचं मोजमाप चित्रासाठी वापरतात. गरज पडली तर डॉक्टर आधी गोळी देऊन ठोके कमी करतात. हे लाड नाहीत. हृदयातून निघणारी महाधमनी प्रत्येक ठोक्याला हलते, आणि त्या हालचालीमुळे तिची भिंत चिरल्यासारखी दिसू शकते. खरोखर भिंत चिरली असेल तर ती जीवघेणी इमर्जन्सी असते, थेट ऑपरेशन. म्हणजे एका खोट्या रेघेवर केवढा मोठा निर्णय अडकलेला असतो बघा. शंका आली तर ईसीजी लावून पुन्हा बघतात, आणि खोटी रेघ गायब होते.

विरार फास्टचा नियम

पुढचा शब्द: बीम हार्डनिंग. नाव ऐकून घाबरू नका, तुम्ही हे रोज जगता.

सकाळची विरार फास्ट. प्लॅटफॉर्मवर सगळ्या प्रकारची माणसं. गर्दीचा पहिला लोंढा आला की नवखे बाजूला होतात, म्हणतात पुढची पकडू. आत घुसतात ते कसलेले. एक्स-रेच्या झोतातही कमी ऊर्जेचे आणि जास्त ऊर्जेचे किरण एकत्र निघतात. शरीरात शिरल्या शिरल्या कमी ऊर्जेचे किरण अडकतात, पुढे जातात ते कडक किरण. आणि हे कडक किरण पुढच्या हाडामांसातून जास्त सहज पार होतात.

कॉम्प्युटर मात्र धरून चालतो की झोत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच आहे. पलीकडे अपेक्षेपेक्षा जास्त किरण पोहोचले, तर त्याला वाटतं आतला भाग विरळ असणार. म्हणून जाड हाडांच्या मधला भाग उगाच काळा दिसतो. डोक्याच्या सीटीत कानांमागच्या टणक हाडांमधे असा काळा पट्टा हमखास येतो, आणि तो पडतो नेमका मेंदूच्या देठावर. तिथे खरोखर रक्तपुरवठा थांबला असेल तरी काळसरच दिसणार. म्हणून त्या जागेबद्दल शंका असेल तर डॉक्टर बहुतेक वेळा एमआरआय सांगतात. दुसरा स्कॅन सांगितला की लगेच 'पैसे काढतायत' म्हणू नका, कधी कधी कारण हे असतं.

यावरचे उपाय जुने आहेत. ट्यूबच्या तोंडाशीच अॅल्युमिनिअम किंवा तांब्याचा पातळ पत्रा बसवतात, म्हणजे नवखे किरण तिथेच गळतात आणि आत कसलेलेच जातात. बाकीची दुरुस्ती सॉफ्टवेअर करतं. हाउन्सफील्डच्या पहिल्या मशीनमध्ये तर पेशंटचं डोकं रबराच्या टोपीतून पाण्याच्या पेटीत बसवायचे! सगळीकडून किरणांना जवळपास सारखंच अंतर कापावं लागावं म्हणून. आज ती पेटी नाही, पण तिचं काम पत्रा आणि गणित मिळून करतात.

आजीचा खुबा आणि धातूच्या रेघा

नालासोपाऱ्याहून एका श्रोत्याचा मेसेज आला होता. 'ताई, आजीचा खुबा बदललाय. आता पोटाचा सीटी केला तर रिपोर्टमध्ये लिहिलंय की खुब्याच्या धातूमुळे ओटीपोटाचा भाग नीट दिसत नाही. सेंटर बदलून परत करायचा का?'

आधी कारण बघू. धातू किरणांना इतका अडवतो की पलीकडे फारच थोडे पोहोचतात. त्यात झोत कडक होतो ते वेगळंच. म्हणजे एकाच जागी दोन-तीन चुका एकत्र, आणि प्रत्येक चूक रेषेवर सांडणार. दोन्ही खुबे बदललेले असतील तर त्यांच्या मधोमध काळा पट्टा, आणि त्याच पट्ट्यात मूत्राशय, गर्भाशय, प्रोस्टेट असं सगळं.

धातू-धातूतही फरक असतो. हाडातल्या कॅल्शियमचा अणुक्रमांक २०. टायटॅनियमचा २२, लोखंडाचा २६, आणि सोन्याचा ७९. म्हणून हाडात बसवलेली टायटॅनियमची प्लेट स्टीलच्या प्लेटपेक्षा कमी त्रास देते. आणि मंगळसूत्र, नथ, कुड्या काढायला सांगतात तेव्हा 'सोनंच तर आहे, लोखंड थोडीच आहे' असं म्हणणाऱ्या मावशींना हा आकडा ऐकवा.

आत बसवलेला धातू काढता येत नाही. मग? १९८७ मध्ये जर्मनीच्या विली कालेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती मांडली. मोजमापांच्या राशीत धातूतून गेलेले किरण शोधायचे. त्यांचे आकडे खोडायचे. शेजारच्या चांगल्या किरणांवरून अंदाज बांधून त्या जागा भरायच्या. चित्र तयार करायचं, आणि शेवटी धातू परत त्याच्या जागी ठेवायचा. फाटलेल्या चादरीला शेजारच्या रंगाचं ठिगळ लावावं तसं. आजच्या बऱ्याच मशीनमध्ये या युक्तीच्या सुधारलेल्या आवृत्त्या असतात, त्यांना 'मार' म्हणतात, मेटल आर्टिफॅक्ट रिडक्शन.

पण ठिगळ ते ठिगळ. भरलेले आकडे मोजलेले नाहीत, अंदाजाचे आहेत. त्यामुळे कधी धातूला चिकटून असलेलं हाड अस्पष्ट होतं, कधी नव्याच फिक्या रेघा उमटतात. म्हणून नीट काम करणारे रेडिओलॉजिस्ट दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघतात: मूळ आणि दुरुस्त केलेलं.

दुसरा मार्ग म्हणजे ड्युअल एनर्जी सीटी. दोन वेगळ्या ऊर्जांनी मोजायचं आणि त्यावरून 'सगळे किरण एकाच, जास्त ऊर्जेचे असते तर चित्र कसं दिसलं असतं' हे काढायचं. आणि सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत पहिल्या फोटॉन काउंटिंग सीटीला परवानगी मिळाली. त्यात डिटेक्टर येणारा प्रत्येक कण मोजतो आणि त्याची ऊर्जाही ओळखतो.

तर त्या श्रोत्याला माझं उत्तर असं: सेंटर बदलायच्या आधी आजीच्या डॉक्टरांना एक प्रश्न विचार. 'जे शोधत होतो ते त्या न दिसलेल्या भागात आहे का?' नसेल, तर रिपोर्ट पुरेसा आहे. असेल, तर सेंटरला विचार की याच स्कॅनच्या डेटावर मार लावून चित्र पुन्हा बनवता येईल का. मूळ मोजमापं मशीनमध्ये काही दिवसच राहतात, मग पुसली जातात, त्यामुळे लवकर विचार. नाही जमलं तर सोनोग्राफी किंवा एमआरआय हे डॉक्टर ठरवतील. त्याच पद्धतीने परत सीटी केला तर त्याच रेघा परत येणार. पैसे गेले, वर रेडिएशन वेगळं.

गोल कडी आणि सकाळची उजळणी

एक खोटी खूण मात्र पेशंटमुळे येत नाही. रांगेतला एखादा डिटेक्टर थोडा जास्त किंवा कमी मोजत असेल, तर तो फिरताना प्रत्येक कोनातून तीच चूक करतो. त्या चुकांचं मिळून चित्रात गोल कडं तयार होतं. वसईच्या एका सेंटरमध्ये मी टेक्निशियनला विचारलं होतं की सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी रिकामं मशीन कशाला फिरवता? तो म्हणाला, 'हवेचा स्कॅन घेतो. हवेत सगळ्या डिटेक्टरचा आकडा जुळला पाहिजे. नाही जुळला तर मशीन त्याची दुरुस्ती लक्षात ठेवतं.' सीटीच्या मोजपट्टीत पाणी शून्य आणि हवा उणे १,००० धरलेली असते, आणि ती मोजपट्टी रोज तपासावी लागते.

मशीनवर देखरेखही असते. भारतात सीटी मशीन चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा परवाना लागतो. त्यांचं ऑफिस आपल्याच मुंबईत, अणुशक्तीनगरला. ठरावीक मुदतीने मशीनची गुणवत्ता चाचणीही करावी लागते.

मग रेडिएशनच वाढवा ना!

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. किरण जास्त सोडले तर चित्रातली खरखर कमी होते हे खरं आहे. पण हिशोब महाग पडतो: खरखर निम्मी करायची तर रेडिएशन चौपट लागतं. छातीच्या नेहमीच्या सीटीत साधारण ५ ते ७ मिलीसीव्हर्ट इतका डोस मिळतो. निसर्गातून आपल्याला वर्षभरात सरासरी २.४ मिलीसीव्हर्ट मिळतो, त्याच्याशी तुलना करून बघा. गरजेचा सीटी टाळू नका, पण 'अजून स्वच्छ दिसावा' म्हणून डोस वाढवणं हा मार्ग नाही.

म्हणून आता एआयकडे सगळ्यांचं लक्ष आहे. कमी डोसचं खरखरीत चित्र घ्यायचं आणि शिकवलेल्या मॉडेलकडून स्वच्छ करून घ्यायचं. फोनमधला नाइट मोड करतो तसंच काहीसं. उपयोग होतोय, पण फोनच्या फोटोत चेहऱ्यावरचा एखादा बारीक तीळ गुळगुळीत झाला तर बिघडत नाही. यकृतातला बारीक डाग गुळगुळीत झाला तर बिघडतं. चित्र सुंदर दिसणं आणि खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरच्या कुणाचा सीटी असेल तर

आता कामाची यादी. स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाका.

१. शरीरात रॉड, प्लेट, पेसमेकर, बदललेला खुबा किंवा गुडघा असेल तर आधीच सांगा. ऑपरेशनचे कागद असतील तर सोबत न्या.

२. स्कॅनच्या भागातलं सगळं सोनं-चांदी, हुक, झिप, काढता येणारी कवळी काढून ठेवा. दागिने घरीच ठेवलेत तर उत्तम.

३. श्वास रोखायची घरी दोन-चार वेळा सवय करा. दहा सेकंद जमत नसतील तर टेबलावर चढायच्या आधीच टेक्निशियनला सांगा. ते वेगळी सेटिंग लावू शकतात.

४. छाती-पोटाच्या स्कॅनला हात डोक्यावर ठेवायला सांगतात ते पोझ म्हणून नाही. हात बाजूला राहिले तर त्यांच्या हाडांमुळे पोटावर आडव्या रेघा येतात. खांदा दुखत असेल तर आधी सांगा, उशी मिळते.

५. आधीचे स्कॅन न्या, फक्त कागद नाही, सीडी किंवा लिंकसुद्धा. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलमध्ये दाखवायला जाताना तर नक्कीच. जुन्या चित्रात तीच रेघ त्याच धातूपाशी असेल, तर रेडिओलॉजिस्टचा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

६. रिपोर्टमध्ये 'आर्टिफॅक्ट' दिसलं तर विचारा: कुठला भाग दिसला नाही, आणि त्याने माझ्या उपचारात फरक पडतो का? रेडिओलॉजिस्टने तो शब्द लिहिलाय म्हणजे त्याला खोटी खूण ओळखता आली आणि त्याने ती लपवली नाही. हे चांगल्या रिपोर्टचं लक्षण आहे.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या रिपोर्टमधला असाच कुठला शब्द अडला असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पण नाव आणि पेशंटचे तपशील काढून. आणि हो, दरवाजात लटकू नका. भेटू पुढच्या भागात!